एन्ड्युरोची ई-एमटीबी पारखायची कशी? आकडे बाजूला ठेवा, एकच ट्रेल पुन्हा पुन्हा चालवा

जर्मनीत स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, फ्रायबुर्ग या पट्ट्यात राहणारी आपली बरीच मंडळी हल्ली नोकरीच्या कंपनीमार्फत लीजिंगवर, म्हणजे महिन्याच्या भाड्याने, ई-एमटीबी (मोटरची माउंटन बाईक) घेतायत, ३६ महिन्यांचा करार, किंमत आठ ते बारा हजार युरोच्या घरात, आणि कशावरून ठरवलं म्हणून विचारलं तर दुकानाच्या पार्किंगमध्ये मारलेल्या दोन चकरा आणि मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, किती न्यूटन मीटर आहे तो आकडा. एवढ्या पैशाची वस्तू अशी घेतली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चांगली बाईक ओळखणं अवघड नाहीये, फक्त एक अख्खा दिवस द्यावा लागतो आणि थोडी शिस्त लागते. डेमो बाईक घेऊन स्वतःसाठी पारखायची असेल किंवा दुसऱ्यांसाठी रिव्ह्यू लिहायचा असेल, दोन्हीला हीच पद्धत चालते.

एन्ड्युरो हा माउंटन बाईकच्या शर्यतीचा एक प्रकार, त्याला बाईककडून काय पाहिजे असतं ते आधी डोक्यात पक्कं करा. एन्ड्युरोच्या शर्यतीत घड्याळ लावतात ते उताराच्या टप्प्यांना, मधले चढ ज्याने त्याने आपल्या दमाने चढायचे, फक्त पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीला ठरलेल्या वेळेत पोचायचं. २०१३ मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली तेव्हापासून ढाचा हाच, २०२३ पासून ती यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) वर्ल्ड कपात गेली. ई-बाईकच्या एन्ड्युरोत एक भर पडते, तिथे काही चढांनाही घड्याळ लावतात, आणि ते चढ म्हणजे गुळगुळीत रस्ता नसतो, मुळं, दगडांच्या पायऱ्या, आवळलेली वळणं असं सगळं असतं. म्हणजे या बाईकने खडबडीत उतारावर भरवसा द्यायला हवा, अवघड चढावर मागचं चाक न फिरवता वर न्यायला हवं, आणि हे दिवसभर करून संध्याकाळी बॅटरीत थोडं काही उरवायला हवं. या तीन गोष्टी ज्याने तपासल्या जात नाहीत ती चाचणी एन्ड्युरोच्या कामाची नाही, मग पार्किंगमध्ये बाईक कितीही सुसाट पळू दे.

माझा सगळ्यात मोठा आग्रह असा की एकच लूप ठरवा आणि तोच चालवा. लांब नको, पंधरा-वीस मिनिटांत वर आणि मग खाली येता यावं असा. मी यासाठी ब्लॅक फॉरेस्टमधलं बाड विल्डबाड धरतो, गावातून झोमरबर्गवर जायला साधारण ३०० मीटरचा चढ आहे, फनिक्युलर, म्हणजे डोंगर चढणारी केबलची रेल्वे, आहे पण आपल्याला चढ तपासायचाय म्हणून तिच्यात बसायचं नाही, जंगलातल्या रुंद रस्त्याने पेडल मारत वर जायचं आणि खाली यायला बाईकपार्कच्या ट्रेल्स (डोंगरातल्या सायकलच्या वाटा), दगड आणि मुळं दोन्ही भरपूर, जर्मनीतल्या कठीण उतारांमध्ये तिथल्या डाउनहिल ट्रॅकचं नाव घेतात ते उगाच नाही. तुमच्याकडे दुसरा डोंगर असेल तर तो घ्या, पण बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये राहत असाल तर एक ध्यानात असू द्या, इथल्या जंगलाच्या कायद्याने दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला मनाई आहे, त्यामुळे टेस्टसाठी अधिकृत ट्रेल किंवा बाईकपार्कच धरा. पायी फिरणाऱ्या लोकांशी वाद घालत घालत बाईक पारखता येत नाही.

बाईक हातात आली की लगेच चढून बसू नका. आधी तोला. भारतात जाताना बॅगा तोलायला आपल्या सगळ्यांच्या घरात तो हुकाचा काटा असतोच, तो पुरतो, सीटखाली अडकवायचा आणि उचलायचं. कंपनी जे वजन छापते ते बरेचदा छोट्या साइजचं आणि पेडलशिवायचं असतं, तुम्ही पेडलसकट, तुमच्या साइजचं मोजा. पूर्ण ताकदीची एन्ड्युरो ई-एमटीबी २२ ते २५ किलोत बसते, हलक्या मोटरवाली १८ ते २० च्या आसपास, आणि हा फरक उतारावर जाणवण्याआधी घराच्या जिन्यात आणि गाडीच्या रॅकवर चढवताना जाणवतो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्या माणसाला २५ किलोची बाईक सुचवण्याआधी दहा वेळा विचार करा.

मग सेटअप, आणि इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, मी तर म्हणेन की खराब रिव्ह्यूंचं सगळ्यात मोठं कारण बाईक नसते, हवा न भरता चालवलेलं सस्पेन्शन असतं. दुकानातून येणारी डेमो बाईक आदल्या माणसाच्या वजनाला लावलेली असते. सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा शॉक पंप बरोबर ठेवा. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पाण्याची बॅग सगळं अंगावर चढवून, भिंतीला एक हात टेकवून, दोन्ही पेडलवर उभं राहा, शॉकवरची, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या नळीवरची, रबरी रिंग सीलला टेकेपर्यंत सरकवा, हळूच उतरा आणि रिंग किती सरकली ते मोजा. मागे २८ ते ३० टक्के सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने दबणं, हवा, म्हणजे शॉकचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त जेवढा दबतो ते अंतर) ६५ मिलिमीटर असेल तर साधारण १९ मिलिमीटर. पुढे १५ ते २० टक्के. रीबाउंडचे, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं ते ठरवणाऱ्या बटणाचे, क्लिक पूर्ण बंद करून तिथून मोजत उघडा आणि आकडा फोनमध्ये टिपून ठेवा, हे टिपलेलं नसेल तर दुपारी काय बदललं ते आठवणारच नाही. टायरमधली हवा डिजिटल गेजने बघा, ७५-८० किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआय ही सुरुवात ठीक. ब्रेकचे लिव्हर एका बोटाने ओढता येतील असे आत घ्या.

मोटरचे मोड, म्हणजे मदतीच्या कमीजास्त पातळ्या, त्याही इथेच बघून घ्या. बहुतेक सिस्टीममध्ये अॅपमधून प्रत्येक मोडची ताकद कमीजास्त करता येते, आणि आदल्या गिऱ्हाइकाने काहीतरी फिरवून ठेवलेलं असतं. सगळं फॅक्टरी सेटिंगवर आणा, नाहीतर तुम्ही बाईक नाही, त्या माणसाची आवड टेस्ट करताय.

आता चढ. मोटरच्या आकड्यांची सध्या स्पर्धाच लागलीये. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स २०२४ मध्ये नवीन आली तेव्हा ८५ न्यूटन मीटर आणि ६०० वॅट होती, २०२५ च्या अपडेटने तीच मोटर १०० न्यूटन मीटर आणि ७५० वॅटपर्यंत गेली. डीजेआयने २०२४ मध्ये अॅव्हिनॉक्स आणली ती १०५ न्यूटन मीटर आणि ८५० वॅटची, बूस्टमध्ये थोडा वेळ १२० आणि १००० वॅट, आणि वजन अडीच किलो. आकडे खरे आहेत, जोर खरंच जाणवतो, मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण ओल्या मुळांच्या चढावर प्रश्न जोराचा राहतच नाही, टायर पकडतो की घसरतो हा राहतो, आणि जास्त जोर जर एकदम आला तर मागचं चाक जागेवर फिरतं आणि तुम्ही पाय टेकता. म्हणून बघायचं ते हे, की पेडलवर हलका दाब दिला तर मोटर हलकीच येते का, आणि वाढवला तर त्याच मापाने वाढते का. तीव्र चढावर मध्येच मुद्दाम थांबा, आणि तिथूनच परत निघायचा प्रयत्न करा, पुढचं चाक उचललं जातं का, बाईक झटका मारते का, मागचं चाक माती उडवतं का. हे तीन-चार मोडमध्ये करून बघा. बरेचदा सगळ्यात ताकदीच्या मोडपेक्षा त्याच्या खालचा, आपल्या दाबाप्रमाणे जोर बदलणारा मोड अवघड चढावर जास्त वर नेतो, आणि वाचणाऱ्याला हेच हवं असतं, कुठल्या मोडमध्ये चढलं आणि कुठल्या मोडमध्ये नाही.

याच जागी आणखी एक गोष्ट फार जवळून बघण्यासारखी आहे. पेडल थांबवल्यावर मोटर किती वेळ ढकलत राहते? समजा उजवीकडे आवळलेलं वळण आहे, वळणाच्या तोंडाशी गुडघ्याच्या निम्म्या उंचीची दगडी पायरी. पुढचं चाक पायरीवर चढलं, आता मागचं चाक यायचंय, पण या क्षणी तुम्ही पेडल फिरवलं तर ते दगडावर आदळणार म्हणून तुम्ही क्रँक (पेडलचे दांडे) आडवे धरून थांबलात. मोटरने अजून अर्धा सेकंद ढकललं तर मागचं चाक अलगद वर येतं, पाय न हलवता. पण पायरीनंतर लगेच वळण आहे, आणि तोच अर्धा सेकंद जर एक सेकंद झाला तर बाईक तुम्हाला वळणाच्या बाहेर, झुडपात घेऊन जाते. काही सिस्टीममध्ये हे ढकलणं अॅपमधून कमी करता येतं. कमी, मधलं, जास्त असं करून त्याच पायरीवर पुन्हा पुन्हा जा. रिव्ह्यूमध्ये या एका परिच्छेदाने जेवढं कळतं तेवढं टॉर्कच्या दहा आकड्यांनी कळत नाही.

क्रँकची लांबीही इथेच कळते. १६५ मिलिमीटर आता लांब वाटायला लागलेत, १५५-१६० चे क्रँक दगडांवर कमी आदळतात आणि मोटर असल्यामुळे छोट्या क्रँकचा तोटा फारसा जाणवत नाही. पेडल किती वेळा आपटलं ते मोजा. पाय सावकाश फिरवत, मिनिटाला साठेक फेऱ्या, आणि मग नव्वदच्या पुढे, दोन्ही तऱ्हेने चढा, काही मोटर्स सावकाश फिरवलं की मरगळतात तर काही भरभर फिरवलं की सुटतात. आणि एक अख्खा चढ फुल पॉवरवर, न थांबता, मोटर तापली की स्वतःला वाचवायला जोर कमी करते, तो कुठे कमी झाला, झाला का, ते बघा. उन्हाळ्यात हे नक्की करा. युरोपात मदत ताशी २५ किमी वेगाला बंद होते, सपाट रस्त्यावर तो आकडा ओलांडताना बाईक कोणी मागून धरल्यासारखी जड होते की नुसतीच शांत होते, हेही दोन मिनिटांत कळतं.

बॅटरीबद्दल सगळे किलोमीटरमध्ये विचारतात, मी म्हणतो मीटरमध्ये विचारा, चढाच्या मीटरमध्ये. हिशोब सोपा आहे. माणूस सामानासकट ८१ किलो, बाईक २४, मिळून १०५ किलो, हे १०० मीटर वर उचलायला नुसतं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण २९ वॅट-अवर लागतात. त्यात टायरचं घर्षण, मोटरची उष्णता, थांबून निघणं हे वाढतं, आणि तुमचे पाय जे देतात ते वजा होतं. लूपच्या पायथ्याशी टक्के बघा, वर गेल्यावर बघा. ८०० वॅट-अवरच्या बॅटरीतले १२ टक्के गेले म्हणजे ९६ वॅट-अवर ३०० मीटरला, म्हणजे पूर्ण बॅटरीत साधारण २५०० मीटर चढ, त्यातून घरी परतायचं राखून ठेवा. हा आकडा मोड, तुमचं वजन आणि हवा किती गार होती यासकट लिहा, कारण थंडीत बॅटरी कमी देते आणि नोव्हेंबरमधल्या ब्लॅक फॉरेस्टचा आकडा जुलैला लागू होत नाही. जमलं तर बॅटरी शेवटच्या वीस टक्क्यांपर्यंत उतरवून त्या टप्प्यात जोर तसाच राहतो का ते बघा, कारण दिवसाचा शेवटचा चढ नेमका तिथेच येतो, आणि तेव्हा पायही थकलेले असतात.

आता उतार, आणि माझ्या मते रिव्ह्यूचा निम्म्याहून जास्त भाग इथे जायला हवा. पहिली फेरी नुसती ओळख करून घ्यायला. दुसरीपासून चाचणी. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यानंतर परत आधीच्या सेटिंगवर येऊन अजून एक फेरी मारा. हे तिसरं पाऊल लोक सोडून देतात. पण एकच ट्रेल पुन्हा चालवली की आपण तशीही वेगात जातो, कारण दगड कुठे आहेत ते पाठ झालेलं असतं, आणि मग वाटतं की टायर बदलल्यामुळे बाईक चांगली झाली. जुन्यावर परत आलात आणि तरीही फरक जाणवला, तरच तो फरक खरा.

जड बाईकची उतारावर एक मोठी चांगली बाजू आहे, ती दगडांवर इकडेतिकडे उडत नाही, जमिनीला धरून जाते. तीच बाईक सावकाश, आवळलेल्या वळणात किंवा उडी मारून झाड चुकवायचं असेल तेव्हा अंगावर येते. म्हणून ट्रेलमध्ये दोन्ही जागा हव्यात, एक वेगाची दगडांची पट्टी आणि एक अशी जागा जिथे मागचं चाक उचलून वळवावं लागतं. पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस इंची चाक असलेल्या बाईक्स या दुसऱ्या जागी जास्त सोप्या वाटतात. हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कल) ६४ अंशांच्या आसपास, पुढे १७० मिलिमीटर दबणारा, ३८ मिलिमीटर नळ्यांचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन), हे आता बहुतेक एन्ड्युरो ई-एमटीबींना सारखंच असतं, फॉक्सचा ३८ असो की रॉकशॉक्सचा झेब, त्यामुळे भूमितीच्या तक्त्यावर पानं खर्च करण्यापेक्षा तीव्र उतारावर तुमचे हात किती वेळात भरून आले ते लिहा.

ब्रेक तपासण्याआधी ते बसवून घ्या. नवे पॅड असतील तर वीसेक वेळा, २५ च्या वेगावरून चालायच्या वेगापर्यंत ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका. हे न करता ब्रेकला वाईट म्हणणं हा अन्याय आहे. मग सगळ्यात लांब उतार न थांबता घ्या आणि खाली पोचल्या पोचल्या लिव्हर दाबून बघा, वरती होता तिथेच पकडतो की हँडलकडे जास्त आत जातो. माणूस आणि बाईक मिळून शंभर किलोच्या वर जातंय, त्यामुळे २०० मिलिमीटरपेक्षा छोटा रोटर (ब्रेकची चकती) असेल तर मी ते सरळ उणे धरतो, पुढे २२० असेल तर फारच उत्तम. टायरचं तसंच. दहा हजारांच्या बाईकला कंपनी वजन कमी दाखवायला पातळ टायर लावते, तो ट्रेल बाईकचा टायर दगडात मागून फाटतो. टायरच्या बाजूला केसिंगचं, म्हणजे टायरच्या आतल्या कापडी थराचं, नाव छापलेलं असतं, ते वाचा, रिव्ह्यूमध्ये लिहा, आणि घेणाऱ्याला सांगा की अजून दीडशे युरो बाजूला ठेव. मला विचाराल तर आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि त्यानंतर मोटर, एन्ड्युरोसाठी पैसे याच क्रमाने लावावेत.

आवाजाचं काय? काही मोटर्स चढावर गप्प असतात आणि उतारावर, पेडल बंद असताना, आतला क्लच खडखडतो. हा बिघाड असेलच असं नाही, पण दिवसभर कानात तेच राहिलं तर डोकं उठतं. आवाज मोटरचा की बाकी कशाचा हे ओळखायला थांबा, पुढचं चाक वितभर उचलून सोडा, मग मागचं. बॅटरी तिच्या जागेत हलत असेल, आतल्या केबल फ्रेमला आपटत असतील किंवा चेन मारत असेल तर ते इथे कळतं आणि पट्टी लावून बंद करता येतं. मोटरचा असेल तर तो तुमच्याबरोबर राहणार.

परत करायच्या आधी बाईक धुवा, आणि धुताना नीट बघा, प्रेशर पाइप लावू नका. चार्जिंगच्या झाकणात चिखल गेला का, बेअरिंगच्या कडेला माती कुठे साचली, मागच्या चाकावरचा वेगाचा मॅग्नेट सरकलाय का, तो सरकला तर मोटर चुकीचा संदेश दाखवून मदत बंद करते आणि लोक बिचारे अख्खी बाईक दुकानात नेतात. केबल हेडसेटमधून, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगच्या जागेतून, आत जात असतील तर वरची एक साधी बेअरिंग बदलायलाही ब्रेकचा पाइप सोडवायला लागतो, दुकानाला त्याची मजुरी विचारा. बॅटरी निघते का, किती खटपटीने, हे विचारा कारण तळघरात प्लग नसलेल्या इमारतीत राहणारे आपल्यात खूप आहेत. मोटर बिघडली तर दुकान ती उघडत नाही, बहुतेक वेळा अख्खी बदलून येते, तोपर्यंत किती दिवस बाईक उभी राहील आणि मधल्या काळात दुसरी देतात का, हा प्रश्न सही करायच्या आधी विचारायचा.

एक प्रश्न मला नेहमी येतो, पुण्याला परत जाताना ही घेऊन जाता येईल का. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि या बाईक्सची ६०० ते ८०० ची असते. म्हणजे बॅगेतून किंवा खोक्यातून न्यायचा विचार सोडा. तीन वर्षांत परत जायचा बेत असेल तर लीजिंगचा करार संपून बाईक परत करता येते, हा मुद्दा अशा लोकांसाठी खरंच कामाचा आहे.

लिहिताना सुरुवातीलाच तुमची उंची, वजन, किती वर्षं ट्रेलवर चालवता, बाईकची साइज, टायरमधली हवा, सॅग आणि ट्रेल ओली होती की सुकी हे लिहा, दोन ओळी लागतात. बाईक कोणी फुकट दिली असेल किंवा दुकान ओळखीचं असेल तर तेही तिथेच. "जबरदस्त", "एक नंबर" हे शब्द लिहावेसे वाटतील, लिहा, पण पुढे लगेच कुठल्या वळणावर, कुठल्या मोडमध्ये ते यायला हवं. पाचपैकी किती तारे हे मी देत नाही, कारण साठ किलोच्या मुलीला आणि पंचाण्णव किलोच्या माणसाला एकाच बाईकचे तारे सारखे कसे असतील? त्याऐवजी शेवटी दोन वाक्यं लिहा, कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये. दुसरं वाक्य लिहायला जड जातं पण तेच लिहा, उदाहरणार्थ, ज्यांना आठवड्याला एकदाच नेकार नदीच्या काठाने सपाट रस्त्यावर फिरायचंय त्यांनी ही घेऊ नये, जाड टायर आणि लांब सस्पेन्शन ओढत बसाल, निम्म्या किमतीची ट्रेकिंग ई-बाईक, म्हणजे साध्या रस्त्यावर फिरायची, तुम्हाला जास्त सुख देईल.